ड्रोन : उड्डाणापूर्वीची तयारी आणि मैदानावरील दक्षता

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



ड्रोन हे यंत्र शाळेत येण्यापूर्वीच गावात येऊन पोहोचले आहे. उसाच्या फडावर व द्राक्षाच्या बागेवर औषध फवारताना मुलांनी ते पाहिले आहे. लग्नाच्या वरातीवर घिरट्या घालताना तर अंगणवाडीतल्या मुलांनीही पाहिले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजनेचा प्रारंभ झाला आणि तिच्या अन्वये गावठाणांचे मोजमाप ड्रोनच्या साहाय्याने होऊ लागले. त्या वेळी उड्डाणापूर्वी घरोघरच्या हद्दी चुन्याच्या फक्कीने आखून ठेवाव्या लागत. त्या पांढऱ्या रेघांवरून गुणगुणत जाणारे यंत्र ज्या मुलाने पाहिले, तो दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजींना प्रश्न विचारल्यावाचून राहील असे मानणे म्हणजे मुलांचा स्वभाव न ओळखणे होय.

चौथीच्या वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की एखादा विद्यार्थी हमखास पंगतीतल्या द्रोणाची, नाही तर द्रोणाचार्यांची आठवण काढतो. त्यास हसू नये. इंग्रजी भाषेत या शब्दाचा एक जुना अर्थ नर मधमाशी असा आहे, आणि यंत्राची गुणगुण ऐकली म्हणजे त्या अर्थाशी त्याचे नाते सहज जुळते, एवढे सांगितले तरी शब्द मनात पक्का बसतो.

काही शाळांनी लोकवर्गणीतून वा देणगीतून लहानसा ड्रोन मिळविला आहे, आणि विज्ञान दिनी किंवा स्नेहसंमेलनात तो उडवून दाखविण्याचा उत्साह सर्वत्र दिसतो. उत्साह स्तुत्य आहे. परंतु ज्या यंत्राची पाती एका मिनिटात हजारो फेरे घेतात, ते यंत्र हलके आहे एवढ्यावरून निरुपद्रवी ठरत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ साली एका घराच्या बागेत परिचितांपैकीच एकाने उडविलेला ड्रोन उतरताना झाडास घासला, त्याचा तोल गेला, आणि फिरणारे पाते लागून एका तान्ह्या मुलाचा डोळा कायमचा गेला. उडविणारा नवशिका नव्हता, हे विशेष ध्यानात घ्यावयाचे. शाळेच्या मैदानावर एक नव्हे, शंभर मुले उभी असतात. आणि मूल उडत्या वस्तूपासून दूर पळत नाही, तिच्याकडे धावते.

म्हणून ड्रोनचा पहिला पाठ मैदानावर नव्हे, वर्गात घ्यावा, आणि तो पाती काढून घ्यावा. ही एकच गोष्ट कटाक्षाने पाळली गेली तर निम्मे अपघात टळतील. पाती काढलेल्या ड्रोनच्या मोटरी खुशाल फिरवून दाखवाव्यात, मुलांना जवळून पाहू द्यावे, नियंत्रकाची दांडी हलविली असता कोणती मोटर वेगाने फिरते हे कानाने ओळखू द्यावे. पाती बसविलेला ड्रोन मात्र वर्गात चालू करू नये.

या पाठात सांगण्याजोगे पुष्कळ आहे. चार पात्यांच्या ड्रोनमध्ये समोरासमोरच्या कर्णावरील दोन पाती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि दुसऱ्या कर्णावरील दोन उलट दिशेने. सर्व पाती एकाच दिशेने फिरती, तर त्या फिरण्याच्या प्रतिक्रियेने ड्रोनचे अंगच उलट बाजूस गरगर फिरू लागले असते. दोन जोड्या एकमेकींचा पीळ मोडून काढतात, म्हणून तो स्थिर राहतो. पुढे जावयाचे असेल तेव्हा मागील दोन पाती अधिक वेगाने फिरतात, मागची बाजू उचलली जाते आणि ड्रोन पुढे झुकून सरकतो. जागच्या जागी वळावयाचे असेल तेव्हा एका कर्णावरील जोडीचा वेग वाढवून दुसऱ्या जोडीचा घटविला जातो. या हालचालींचा हिशोब आतील लहानसा संगणक क्षणोक्षणी करीत असतो. उडविणारा केवळ इच्छा सांगतो. पात्यांच्याही दोन जाती असतात, आणि त्यांवर खुणेची अक्षरे असतात. उजव्या फेऱ्याचे पाते डाव्या फेऱ्याच्या मोटरीवर बसविले तर ड्रोन उचलण्याऐवजी जागीच कलंडतो. मुलांकडून ही पाती जुळवून घेण्याचा खेळ करावा. पुढे मैदानावर तीच मुले बारीक डोळ्यांनी तपासणी करतात.

आता बॅटरीविषयी. नियंत्रक आणि पाती यांच्याकडे सर्वांचे लक्ष जाते, आणि आगीचे खरे मूळ जी बॅटरी, ती कपाटात कोठेतरी पडलेली असते. लहान ड्रोनमध्ये बहुधा लिथियम पॉलिमर जातीची बॅटरी असते. तिचा एक सेल पूर्ण भरला असता ४.२ व्होल्ट दाखवितो, आणि तो ३ व्होल्टच्या खाली उतरला तर बॅटरीस कायमची इजा होते. तिच्या बरोबर आलेल्याच चार्जरने ती भरावी. हाती लागला तो चार्जर लावणे हे धोक्याचे आहे. भरताना ती फरशीवर किंवा मातीच्या परळात ठेवावी, लाकडी टेबलावर अथवा वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवू नये. आणि भरण्यास लावून शाळेस कुलूप घालून निघून जाणे तर कदापि होऊ नये. उड्डाणानंतर बॅटरी गरम असते. ती निवल्यावाचून पुन्हा भरण्यास लावू नये. बॅटरी उशीसारखी फुगलेली दिसली की तिचे आयुष्य संपले असे समजावे, मग ती चालत असली तरीही. अशी बॅटरी टोचू नये, कचऱ्यात वा शेकोटीत टाकू नये. तालुक्याच्या ठिकाणी विद्युत उपकरणांचा टाकाऊ माल जेथे गोळा होतो तेथे पोचती करावी. भरण्याच्या जागेजवळ कोरड्या वाळूची एक बादली असावी. बॅटरीतून धूर निघू लागला तर प्रथम मुलांना बाहेर काढावे, मग वाळूचा विचार करावा; तो धूर श्वासाबरोबर आत जाऊ देऊ नये.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगता येतो, पण तो टाळता येत नाही. भारत सरकारचे ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत वजनावरून वर्ग पाडले आहेत : २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात, त्यापुढे २ किलोग्रॅमपर्यंतचा मायक्रो वर्गात, आणि त्यापुढे आणखी मोठे वर्ग. नॅनो ड्रोन उडविण्यास, तसेच व्यापारी हेतू नसेल तर मायक्रो ड्रोन उडविण्यासही, वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. इतरांसाठी ते लागते, आणि ते मिळविण्यास वय १८ ते ६५, दहावीची परीक्षा उत्तीर्ण व मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण या अटी आहेत. प्राथमिक शाळेने नॅनो वर्गाच्या पलीकडे जाण्याचे काहीच कारण नाही. मात्र वजन म्हणजे ड्रोनवर जे जे चढविले त्या सर्वांसह वजन. २४५ ग्रॅमच्या ड्रोनला पात्यांभोवतीची संरक्षक कडी बसविली की तो बहुधा २५० ग्रॅमची रेषा ओलांडतो, आणि आपण कोणत्या वर्गात आहोत हे शाळेस कळतही नाही. शाळेच्या पोषण आहाराचा काटा धान्याचा. त्याच्यावर हा फरक दिसणार नाही. सोनाराच्या काट्यावर एकदा वजन करून ते ड्रोनच्या पेटीवर लिहून ठेवावे. कडी काढून वजन वाचविण्याचा मोह मात्र होऊ देऊ नये, मुलांसमोर तर नाहीच.

नियमांत ड्रोनच्या नोंदणीची व प्रत्येक ड्रोनास स्वतंत्र ओळखक्रमांक देण्याची तरतूद आहे. खरेदी करतानाच विक्रेत्याकडून त्याची माहिती लेखी घ्यावी. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यास, काही अपवाद सोडता, मनाई आहे. म्हणून कोणी नातेवाईक परदेशातून येताना ड्रोन घेऊन येतो म्हणाला, तर त्यास आभार मानून नकार द्यावा. आकाशाचेही हिरवा, पिवळा व तांबडा असे पट्टे ठरविलेले असून त्यांचा नकाशा सरकारी संकेतस्थळावर पाहावयास मिळतो. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, स्वतंत्र परवानगीशिवाय उडविता येते; चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या भागात ही मर्यादा २०० फूट आहे. तांबड्या पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. शाळेच्या प्रात्यक्षिकास दहा मीटरची उंची पुरे होते, तेव्हा उंचीचा प्रश्न सहसा येऊ नये. परंतु आपली शाळा कोणत्या पट्ट्यात आहे हे पाहणे राहून जाते, आणि ते राहू नये. मोठ्या शहरांतून पोलिसांचे मनाईहुकूमही वेळोवेळी निघत असतात.

कायद्याहूनही गावाची समजूत अधिक महत्त्वाची आहे. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातील व पुणे जिल्ह्यातील काही गावांतून रात्री ड्रोन दिसल्याच्या वार्ता उठल्या, चोर टेहळणी करतात असा बोभाटा झाला, आणि माणसे काठ्या घेऊन रात्र रात्र जागली. अशा वातावरणात शाळेने कोणास न सांगता ड्रोन वर चढविला, तर गुरुजींची अडचण होईल हे सांगावयास नको. पोलीस पाटील, सरपंच व शाळा व्यवस्थापन समिती यांना दिवस व वेळ आधी कळवावी. उड्डाण दिवसाच करावे. ड्रोनास कॅमेरा असल्यास तो मैदानाबाहेर वळवू नये. वरून दिसणारी न्हाणी, अंगणे, पाणवठ्यावरच्या बायका ही काही शाळेच्या चित्रफितीची सामग्री नव्हे. मुलांची छायाचित्रे घ्यावयाची असतील तर पालकांची संमती आधी घ्यावी.

प्रत्यक्ष दिवशी पहिली पाहणी वाऱ्याची. आपल्याकडे सकाळची वेळ बहुधा शांत असते आणि ऊन चढेल तसा वारा वाढत जातो, म्हणून परिपाठ संपताच उड्डाण करावे. ध्वजस्तंभाच्या उंचीवर कापडाची एक पट्टी बांधली म्हणजे वरचा वारा कळतो. जमिनीलगत वारा पडलेला असला तरी वर तो वाहत असतो. वळवाचे ढग दिसत असतील, थेंब पडत असतील, तर कार्यक्रम पुढे ढकलावा, पाहुणे आलेले असले तरी. मग डोळे वर करून विजेच्या तारा पाहाव्यात. ज्या ड्रोनना अडथळे ओळखण्याची सोय असते त्यांनाही बारीक तार बहुधा दिसत नाही. वडापिंपळावर किंवा पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ असेल तर त्या मैदानावर ड्रोन उडवूच नये. या बाबतीत तडजोड नाही. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाच्या दोऱ्यात पाते गुरफटते. घारी ड्रोनवर झेप घेतात, तेव्हा घार घिरट्या घालू लागली की ड्रोन खाली आणावा.

मैदानाच्या मधोमध एक लाकडी पाट ठेवावा. धुळीतून थेट उड्डाण केले तर पहिल्याच झोतात बारीक माती मोटरीत शिरते. सतरंजी अंथरण्याची कल्पना कोणास सुचेल, पण सतरंजीची कड उचलून पात्यात येते. पाटापासून पंधरा मीटरवर चुन्याच्या फक्कीने रेघ आखावी, आणि सर्व मुले त्या रेघेच्या मागे, एकाच बाजूस, बसलेली असावीत. उभी मुले पुढे सरकतात, बसलेली सरकत नाहीत, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. वर्तुळाकार मुले बसविणे शोभिवंत दिसते. परंतु मग ड्रोन कोणत्याही बाजूस भरकटला तरी तेथे मुले असतातच.

ज्या ड्रोनमध्ये होकायंत्र व उपग्रहावरून स्थान जाणणारे यंत्र आहे, त्याची जुळणी ध्वजस्तंभ, हातपंप, पत्र्याचे छप्पर आणि लोखंडी बाके यांच्यापासून दूर करावी. लोखंडाच्या सान्निध्यात होकायंत्र चुकीची दिशा शिकते आणि ड्रोन वर गेल्यावर आपोआप तिरका पळू लागतो. पुरेसे उपग्रह सापडल्याची खूण नियंत्रकावर दिसेपर्यंत थांबावे. घरी परतण्याची सोय असल्यास परतीची उंची जवळच्या सर्वांत उंच झाडाहून अधिक ठेवावी, नाही तर ड्रोन परतताना सरळ फांदीत शिरतो. स्वस्त ड्रोनांत यांपैकी काहीच नसते. ते वाऱ्याबरोबर वाहतात व हाक मारल्याने परत येत नाहीत, म्हणून ते छातीच्या उंचीच्या फार वर नेऊ नयेत.

पाती पुन्हा एकदा पाहावीत. केसाएवढी चीर असलेले पातेही बदलावे. चिकटपट्टी लावून चालविलेले पाते तोल बिघडविते. चालू करताना प्रथम नियंत्रक, मग ड्रोन; बंद करताना प्रथम ड्रोन, मग नियंत्रक. हा क्रम उलटला तर नियंत्रकाविना जागा असलेला ड्रोन हाती राहतो. मुलांस तो असा सांगता येईल : नियंत्रक सर्वांच्या आधी उठतो आणि सर्वांच्या शेवटी निजतो.

बहुतेक नियंत्रकांत डाव्या दांडीने वर-खाली व जागच्या जागी वळणे, आणि उजव्या दांडीने पुढे-मागे व बाजूंस सरकणे होते. नवशिक्याने ड्रोनची शेपूट नेहमी आपल्याकडे ठेवावी. ड्रोनचे तोंड उडविणाऱ्याकडे वळले की डावे-उजवे उलट होते, आरशात पाहून भांग पाडण्यासारखे, आणि घाबरलेला हात नेमका चुकीच्या बाजूस दांडी ढकलतो. शिक्षकाने मुलांसमोर येण्यापूर्वी रिकाम्या मैदानावर निदान आठवडाभर हा सराव केलेला असावा. पहिले उड्डाण कमरेएवढ्या उंचीवर अर्धा मिनिट तरंगण्याचे. आवाज सरळ आहे, कंप नाही, दांडी सोडली असता ड्रोन फार वाहत नाही, एवढे पाहून मगच वर जावे.

येथे पाचवीच्या वर्गासाठी एक सुंदर हिशोब आयता मिळतो, आणि शिक्षकाने तो सोडू नये. समजा, शांत हवेत ड्रोनचा वेग सेकंदास ६ मीटर आहे आणि वारा सेकंदास ३ मीटर वाहतो. वाऱ्याच्या दिशेने ९० मीटर जाण्यास वेग ९ मीटर, म्हणून १० सेकंद लागतील. परतताना वेग उरतो ३ मीटर, म्हणून ३० सेकंद. नाव आणि प्रवाह यांच्या जुन्या उदाहरणाचाच हा नवा अवतार. आता मुलांस विचारावे की आधी वाऱ्याविरुद्ध जाऊन मग वाऱ्याबरोबर परतले तर? बेरीज तीच, ४० सेकंद. मग फरक कोठे? एखादी मुलगी उत्तर देईलच की कठीण वाट बॅटरी भरलेली असताना संपते आणि सोपी वाट शेवटी उरते. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडास जावे. आणि वाराच सेकंदास ६ मीटर झाला तर? परतीचा वेग शून्य. ड्रोन जागच्या जागी धडपडत राहतो आणि बॅटरी संपते. हे उत्तर फळ्यावर आले की मुले स्वतःहून ध्वजस्तंभावरच्या पट्टीकडे पाहू लागतात. बॅटरीत तिसरा हिस्सा शिल्लक असतानाच ड्रोन पाटावर परत आला पाहिजे, या नियमाचे कारणही त्यांस यातूनच उमगते.

मुलांना नुसते प्रेक्षक ठेवू नये. एकाने घड्याळ पाहून प्रत्येक मिनिट मोठ्याने सांगावे; एकाने आकाश पाहावे; एकाने फाटकाकडे पाहावे, कारण चुकार वासरू किंवा धाकटे भावंड आत येण्यास हीच वेळ सापडते. या तिघांपैकी कोणीही 'थांबा' म्हटले की गुरुजींनी कारण न विचारता ड्रोन उतरवावा. नियंत्रक मात्र एकाच वेळी एकाच्या हाती असावा, आणि पाहुण्यांनी आग्रह केला तरी ज्याने सराव केलेला नाही त्याच्या हाती तो देऊ नये. हा प्रसंग अवघड असतो खरा. पाहुण्यांना आधीच रेघेच्या मागे खुर्ची दिली असता बराचसा सोपा होतो.

उतरताना घाई नको. ड्रोन सरळ खाली वेगाने आणला तर तो स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत सापडतो, आधार सुटल्यासारखा डुगडुगतो आणि कोसळतो. किंचित पुढे सरकत, हळूहळू उतरवावा. हाताने झेलण्याची करामत मुले चित्रफितींत पाहतात. ती शाळेत कोणीही करून दाखवू नये. ड्रोन गवतात उलटला, कोणास लागला किंवा काही घासले, तर प्रथम मोटरी बंद, मग पाऊल पुढे. मोटरी बंद झाल्याची खात्री झाल्यावाचून रेघ ओलांडावयाची नाही, चेंडू आणावयास धावतात तसे तर नाहीच.

प्रत्येक उड्डाणाची नोंद एका वहीत असावी : दिनांक, वारा, किती मिनिटे, कोणते पाते बदलले, काय बिघडले. न झालेल्या उड्डाणाचीही नोंद करावी आणि का झाले नाही ते लिहावे.

उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी बॅटरी पूर्ण भरलेलीही ठेवू नये व रिकामीही ठेवू नये. सेल सुमारे ३.८ व्होल्टवर, म्हणजे साधारण अर्धा भरलेला असताना, ती ड्रोनमधून काढून वेगळी ठेवावी. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात जी उष्णता साठते ती तिला सोसत नाही. ज्या शिक्षकाचे घर गावातच आहे त्याने ती पक्क्या भिंतीच्या थंड खोलीत, मुलांच्या हातास लागणार नाही अशी ठेवावी, आणि शाळा उघडल्यावर प्रथम तिचा फुगवटा तपासून, निम्मी मिनिटे पाती काढून मोटरी चालवून, मगच पाट मैदानात मांडावा.